आजोबांचा गॅलन, नातवाचा लिटर



सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने पत्रातून विचारले आहे, "आमच्या मळ्यातल्या जुन्या पंपाच्या पाटीवर गॅलन असे लिहिलेले आहे. बाबा म्हणतात, ते पाण्याचे इंग्रजी माप आहे. पण एक गॅलन म्हणजे नेमके किती पाणी?"

प्रश्न चांगला आहे. गॅलन हे माप आपल्या देशातल्या व्यवहारातून जाऊन कित्येक दशके झाली. तरी ते जुन्या पंपावर, जुन्या वहीत, आजोबांच्या बोलण्यात आणि आता मोबाइलवर येणाऱ्या परदेशी माहितीत भेटतेच. जे भेटते त्याची ओळख करून घेतलेली बरी. तेव्हा आज आपण गॅलनची ओळख करून घेऊ. घरातल्या मोठ्या माणसांनीही हे पान मुलांबरोबर वाचावे. त्यांच्याही उपयोगाचे यात बरेच आहे.

आधी आपली मापे

तुमच्या घरी माळ्यावर किंवा कोठीच्या खोलीत एखादे जुने लाकडी वा पत्र्याचे मापटे असेल तर ते काढा. आजीला विचारा, ती सांगेल: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची एक पायली. खळ्यावर धान्य मोजायचे ते पायलीने. बलुतेदाराला द्यायचे तेही पायली-मापट्यानेच.

या मापांत एक गंमत आहे, ती लक्षात आली का? प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट किंवा चौपट आहे. असे का बरे? कारण निम्मे करणे आणि दुप्पट करणे ही सगळ्यांत सोपी वाटणी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही दोन सारखे भाग डोळ्यांनी करता येतात. दहा सारखे भाग करून पाहा, मग कळेल!

इंग्रजांच्या देशातही अगदी असेच होते. त्यांचे लहान माप पिंट. दोन पिंट म्हणजे एक क्वार्ट. चार क्वार्ट म्हणजे एक गॅलन. म्हणजे गॅलनमध्ये आठ पिंट झाले. आणि आठ गॅलन म्हणजे एक बुशेल. बुशेलने ते लोक धान्य मोजत. आपली पायली आणि त्यांचा गॅलन, दोघांचे घराणे वेगळे, पण चाल एकच.

दोघांचे दुखणेही एकच होते. आपल्याकडे एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशी जुळत नसे. घ्यायची पायली मोठी आणि द्यायची लहान, अशीही चलाखी काही ठिकाणी चाले. इंग्लंडात तर एकाच वेळी तीन गॅलन नांदत होते. द्राक्षाच्या दारूचा एक, बियरचा दुसरा आणि धान्याचा तिसरा!

दोन गॅलन कसे झाले?

आता थोडा इतिहास पाहू. द्राक्षाच्या दारूचा जो गॅलन होता, तो १८ व्या शतकाच्या सुरुवातीला, राणी ॲनच्या काळात, कायद्याने २३१ घनइंच ठरला. घनइंच म्हणजे एक इंच लांब, एक इंच रुंद आणि एक इंच उंच असा ठोकळा. अकरा इंच लांब, सात इंच रुंद आणि तीन इंच उंच अशी पेटी केली की तिच्यात बरोबर २३१ ठोकळे बसतात. गुणाकार करून पाहा. बियरचा गॅलन याहून मोठा, २८२ घनइंचांचा होता.

अमेरिकेत तेव्हा इंग्रजांच्या वसाहती होत्या. तिथे गेलेल्या लोकांनी हा २३१ घनइंचांचा गॅलन बरोबर नेला. १७७६ साली अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले, पण माप मात्र तेच ठेवले. आजही अमेरिकेत दूध आणि पेट्रोल याच गॅलनने विकतात.

इकडे इंग्लंडात तीन गॅलनांचा घोळ सरकारला नकोसा झाला. १८२४ साली नवा कायदा झाला. जुने तिन्ही गॅलन मोडीत निघाले आणि एकच नवा गॅलन ठरला. तो कसा ठरवला? तर दहा पौंड वजनाचे शुद्ध पाणी ज्या भांड्यात मावेल, ते भांडे म्हणजे एक गॅलन. युक्ती चांगली होती. भांडे पोचले, झिजले, हरवले, तरी पाणी आणि तराजू असला की नवे भांडे तयार करता येते.

म्हणून जगात दोन गॅलन राहिले:

ब्रिटिश गॅलन: सुमारे ४.५४६ लिटर.
अमेरिकी गॅलन: सुमारे ३.७८५ लिटर.

ब्रिटिश गॅलन अमेरिकी गॅलनपेक्षा साधारण एक पंचमांशाने मोठा आहे. आपल्याकडे राज्य इंग्रजांचे होते, म्हणून आपल्याकडे आला तो ब्रिटिश गॅलन. जुन्या पंपावरचा, जुन्या शेतकी पत्रकातला आणि आजोबांच्या तोंडचा गॅलन साधारणपणे हाच समजायचा. मोबाइलवर किंवा परदेशी डब्यावर दिसणारा गॅलन मात्र बहुधा अमेरिकी असतो. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लिटर आला आणि हिशेब सोपा झाला

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने ठरवले की सगळ्या देशात एकच माप असावे. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, मीटर, लिटर आले आणि १९६० च्या दशकात शेर-मण, पौंड-गॅलन ही मापे व्यवहारातून बाद झाली. तुमच्या पणजोबांना विचारता आले असते तर त्यांनी सांगितले असते, बाजारात त्या वेळी किती गोंधळ उडाला ते! पण आज लिटरावाचून आपले पान हलत नाही.

लिटरमध्ये सोय काय आहे? दहा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा डबा घ्या. त्यात मावते ते एक लिटर. त्यात पाणी भरले तर त्याचे वजन एक किलो. असे हजार डबे रचले की एक घनमीटर होतो. म्हणजे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल हौद असेल तर सहा घनमीटर, म्हणजे सहा हजार लिटर पाणी. हिशेब तोंडी झाला.

जुने गवंडी आणि मिस्त्री फुटाने मोजत. त्यांचाही एक आडाखा होता, तो ऐकण्यासारखा आहे. हौदाचे घनफूट काढायचे आणि त्याला सव्वासहाने गुणायचे, की गॅलन मिळाले. एका घनफुटात साधारण सव्वासहा गॅलन, म्हणजेच २८ लिटरहून थोडे जास्त पाणी मावते.

गॅलनचे लिटर तोंडी करायचे असतील तर अशी युक्ती करा: आकडा चौपट करा आणि त्यात मूळ आकड्याच्या निम्मे मिळवा. दहा गॅलनचे चाळीस आणि पाच, पंचेचाळीस लिटर. अगदी बारकाईने पाहिले तर साडेपंचेचाळीस होतात, पण शिवारातल्या कामाला एवढे पुरते. ज्यांना पावकी, निमकी, औटकी पाठ होती त्या आजोबांना हे एका दमात जमेल. तुम्हीही करून पाहा.

घरात लपलेला गॅलन

आता घराभोवती जरा नजर टाका. गॅलन नाव बदलून कुठे कुठे बसला आहे ते पाहू.

पूर्वी रॉकेल पत्र्याच्या चौकोनी डब्यातून येई. रॉकेल संपले की तोच डबा कावडीला लागे, धान्य ठेवायला लागे, कापून त्याचे सूपही होई. तो डबा साधारण चार गॅलनचा, म्हणजे १८ लिटरचा असे.

गोठ्याजवळ पाण्याचे किंवा फवारणीचे मोठे पिंप असते ना? त्याला आपण दोनशे लिटरचे पिंप म्हणतो. हा आकडा जुन्या ४४ गॅलनशी बरोबर जुळतो. ४४ ला ४.५४६ ने गुणा, उत्तर पाहून हसू येईल.

आणि रेडिओवर, वर्तमानपत्रात रोज ऐकता ना, खनिज तेल अमुक डॉलरला एक पिंप? ते पिंप आपल्या पिंपाएवढे नसते. ते ४२ अमेरिकी गॅलनचे असते. त्याचे लिटर किती, ते शेवटच्या गणितात काढायचे आहे.

एका विहिरीचा हिशेब

आकड्याचे नाव काय, हे न पाहता आकडा वाचला तर काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. माझ्या हद्दीतल्या एका गावात दोघा भावांची सामाईक विहीर आहे. वडील जुन्या वळणाचे, पण मोठे टापटिपीचे होते. दर वर्षी फेब्रुवारीत विहिरीची पातळी खाली न जाता तासाला किती पाणी निघते, ते ते वहीत लिहून ठेवत. वहीत शेवटची नोंद होती: ६,०००.

वडील गेले. काही वर्षांनी भावांनी नवा पंप बसवला आणि फेब्रुवारीतच पाणी मोजले. आकडा आला १८,०००. दोघांना आनंद झाला. वडिलांच्या वेळी सहा हजार, आता अठरा हजार! पाणी तिपटीने वाढले, असे धरून त्यांनी आणखी एक एकर ऊस लावायचे ठरवले. बेण्याची बोलणी झाली, सोसायटीकडे कर्जाचा अर्जही लिहून तयार झाला.

मी त्या दिवशी माती-परीक्षणाच्या कामाने गेलो होतो. वही ओसरीवर होती. धाकट्या भावाची मुलगी वही चाळत होती. तिने आकड्यापुढचे बारीक अक्षर वाचले आणि विचारले, "काका, हे गॅ. म्हणजे काय?"

तिला गॅलन म्हणजे किती लिटर, ते सांगितले. तिने तिथेच पाटीवर गणित मांडले. सहा हजारांचे चौपट चोवीस हजार, अधिक निम्मे तीन हजार. सत्तावीस हजार लिटर. पूर्वी तासाला २७,००० लिटर निघत होते आणि आता १८,०००. पाणी तिप्पट झाले नव्हते. तीन भागांतला एक भाग आटला होता!

ओसरीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग थोरला भाऊ म्हणाला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?" उसाचा अर्ज परत घडी करून ठेवला गेला. त्या एकरात हरभरा घेतला. ओढ्याच्या कडेने बांध घालून पाणी जिरवण्याचे काम त्या उन्हाळ्यात दोघा भावांनी मिळून केले. आणखी ऊस लावला असता तर एप्रिल-मेमध्ये सगळाच ऊस वाळायची पाळी आली असती आणि कर्ज मात्र हिरवे राहिले असते.

सांगायचे काय, तर आकडा एकटा कधी वाचू नये. त्याच्यामागचे माप वाचावे. नुसता सहा हजार हा अर्धाच निरोप आहे.

ही चूक खेड्यातच होते असे समजू नका. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या एका मोठ्या विमानाचे इंधन आकाशातच संपले. इंधनाचे वजन काढताना किलोच्या जागी पौंडाचा आकडा धरला गेला होता. पाहिजे त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघाले होते. वैमानिकांनी मोठ्या कौशल्याने ते विमान घारीसारखे तरंगत गिमली नावाच्या गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले, म्हणून सगळे वाचले. शिकलेल्या माणसांकडूनही माप असे निसटते.

फवारणीतला गॅलन

हा भाग मोठ्या माणसांनी जरूर वाचावा.

द्राक्ष, संत्रा, सुपारी यांवरच्या बुरशीसाठी बोर्डो मिश्रण आपल्याकडे फार दिवसांपासून वापरात आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८५ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने ते पुढे आणले. जुन्या पत्रकांत त्याचे प्रमाण ५:५:५० असे दिलेले असे. म्हणजे ५ पौंड मोरचूद, ५ पौंड चुना आणि ५० गॅलन पाणी.

आता ब्रिटिश गॅलनची व्याख्या आठवा. एका गॅलन पाण्याचे वजन दहा पौंड. म्हणून पन्नास गॅलनचे पाचशे पौंड. पाचशेत पाच म्हणजे शंभरात एक. म्हणूनच आज आपण त्याला एक टक्का बोर्डो म्हणतो आणि १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी असे प्रमाण सांगतो. नाव बदलले, औषध तेच राहिले.

पण कोणी ५:५:५० हे आकडे जुन्या पत्रकातून उचलले आणि किलो व लिटर समजून ५ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात घातले तर? ते दहा टक्के होईल. दहापट तीव्र! कोवळी पालवी करपून जाईल.

तसाच घोटाळा आता मोबाइलमुळे होऊ लागला आहे. समजा, परदेशी माहितीत लिहिले आहे की एका गॅलनला ३० मिलिलिटर निंबोळी तेल घ्या. हा अमेरिकी गॅलन. म्हणजे लिटरला साधारण ८ मिलिलिटर आणि १५ लिटरच्या पंपाला १२० मिलिलिटर. पण कोणी गॅलन म्हणजे लिटरच असे धरले, तर तोच पंप ४५० मिलिलिटर तेल खाईल. पैसा चौपट जाईल आणि पानेही भाजतील.

म्हणून तीन गोष्टी पाळा:

१. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या औषधाच्या डब्यावर मराठी किंवा हिंदीत प्रमाण छापलेले असते, तेच खरे धरा. परदेशी प्रमाण परस्पर वापरू नका.

२. औषधाचे माप वेगळे ठेवा. स्वयंपाकघरातला चमचा, वाटी किंवा पाण्याचा तांब्या औषधाला कधीही लावू नका.

३. मुलांनो, हे तुमच्यासाठी. हिशेब तुम्ही करा, पण औषधाला हात लावू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरांवर संकट आले, ते मोठ्यांना आठवत असेल. तुमचे काम वही-पेन्सिलीचे. मोठ्यांचे काम हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून फवारण्याचे.

करून पाहा

मोजण्याची सवय पाण्यावर लावून घ्या. एक लिटरची बाटली घ्या आणि घरातली कळशी, घागर, बादली यांत किती लिटर मावते ते मोजा. प्रत्येक भांड्याचा आकडा वहीत लिहा, आणि आकड्यापुढे लिटर लिहायला विसरू नका!

नंतर वडिलांबरोबर मळ्यात जा. दोनशे लिटरचे रिकामे पिंप पंपाच्या धारेखाली ठेवा आणि घड्याळात पाहा. समजा, पिंप ३२ सेकंदांत भरले. दोनशेला ३२ ने भागले की सव्वासहा. म्हणजे पंप सेकंदाला सव्वासहा लिटर पाणी देतो, तासाला २२,५०० लिटर. गॅलनच्या भाषेत तासाला जवळजवळ पाच हजार. महिना आणि तारीख घालून ही नोंद ठेवा. दर वर्षी त्याच महिन्यात मोजा. अशी पाच वर्षांची वही ज्या घरात असेल, त्या घराला विहीर फसवणार नाही.

पावसाचेही असेच. एक मिलिमीटर पाऊस एका गुंठ्यावर पडला की साधारण शंभर लिटर पाणी पडते. शाळेच्या छपरावर, अंगणावर, शेतावर किती पडले, ते आता तुम्ही सांगू शकाल. जुन्या पद्धतीने एक इंच पाऊस एक एकरावर पडला तर सुमारे २२,६०० गॅलन, असे पाठ करावे लागे. सोपे कोणते, ते तुम्हीच ठरवा.

चार गणिते

१. एक पंप तासाला ५,००० गॅलन पाणी देतो, दुसरा तासाला २०,००० लिटर देतो. जास्त पाणी कोणता देतो?

२. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल हौदात किती गॅलन पाणी मावेल?

३. खनिज तेलाच्या एका पिंपात किती लिटर तेल असते?

४. चार गुंठ्यांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला. किती लिटर पाणी पडले?

(उत्तरे: १. पहिला, कारण ५,००० गॅलन म्हणजे साधारण २२,५०० लिटर. २. १८० घनफूट, म्हणजे १,१२५ गॅलन. लिटरमध्ये पाच हजारांहून थोडे अधिक. ३. सुमारे १५९ लिटर. ४. दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर भरून! एवढे पाणी आपल्या चार गुंठ्यांवरून वाहून जाऊ द्यायचे की जिरवायचे, हे पाचवे गणित. ते घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवावे.)